परसबाग सोडू नका, खुरपणी कमी करा

गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा उठताना येणारी चक्कर अशी तक्रार घेऊन आलेल्या ज्येष्ठांना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, "घरी बाग आहे का?" उत्तर होकारार्थी आले की बरोबर आलेला मुलगा किंवा सून लगेच म्हणते, "डॉक्टर, तुम्हीच सांगा आता यांना, बाग पुरे म्हणून!" या सूचनेमागे काळजी असते, हे खरे. परंतु बाग बंद झाली की सकाळचे ऊन, चालणे, ताजी भाजी आणि 'आज भेंडीला फूल आले' हे सांगण्यातला आनंद, हे सारे एकदमच जाते. वार्धक्यात दिवसाला आकार देणारी कामे मुळातच थोडी असतात. त्यांतले एक काढून घेण्यापूर्वी शरीराला नेमके काय झेपत नाही, ते पाहिले पाहिजे.

बहुतेकांच्या बाबतीत न झेपणारे काम एकच असते, ते म्हणजे तण काढणे. झारीने पाणी घालणे, शेंगा तोडणे, वेल मांडवावर चढवणे ही कामे उभ्याने होतात. खुरपणी मात्र उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून करावी लागते आणि तीही पुन्हा पुन्हा. या कामाचा मोठा भाग आपल्याकडून काढून घेणारा एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे आच्छादन, ज्याला अलीकडे मल्चिंग म्हणतात.

खुरपणीचा शरीरावर भार

उकिडवे बसल्यावर गुडघ्याच्या वाटीमागील दाब बराच वाढतो. सांध्यातील कूर्चा झिजलेली असेल, तर पंधरा मिनिटांच्या खुरपणीची किंमत दोन दिवस मोजावी लागते. वाकून जोराने मूळ उपटताना कमरेच्या मणक्यांवर ताण येतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींना तर असा झटका विशेष घातक ठरू शकतो.

त्याहून दुर्लक्षित धोका असतो उठण्याच्या क्षणी. बराच वेळ खाली बसून एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील, तर ही घसरण अधिक होते. डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. अशा एका पडण्याने पुढचे कित्येक महिने, कधी कधी पुढचे सारे आयुष्यच बदलून जाते.

आच्छादन तण कसे रोखते?

मातीच्या वरच्या थरात तणांचे असंख्य बी दडलेले असते. त्यांतील बऱ्याच जातींच्या बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. खुरपताना आपण माती वरखाली करतो, तेव्हा नवे बी उजेडात येते. म्हणूनच खुरपलेला वाफा आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवा दिसू लागतो. मातीवर पालापाचोळ्याचा थर असला की प्रकाश अडतो. जे थोडे अंकुर फुटतात, तेही वर येईपर्यंत दमून जातात. शिवाय बाष्पीभवन कमी होऊन ओल टिकते, त्यामुळे पाण्याच्या बादल्याही कमी उचलाव्या लागतात. पाचोळा कुजत जाऊन मातीला मिळतो, हा आणखी एक लाभ. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीपद्धतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या जोडीने आच्छादनाला स्थान आहे, ते याच गुणांमुळे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हराळी आणि लव्हाळा ही तणे बियांपेक्षा जमिनीतील खोडांपासून आणि गाठींपासून वाढतात. लव्हाळ्याचा टोकदार कोंब पाचोळाच काय, कागदही भेदून वर येतो. असे तण आधी गाठींसह खणून काढावे लागते. हे कष्टाचे काम एकदाच, घरातील तरुणाकडून किंवा माळ्याकडून करून घ्यावे.

कसे घालावे?

पावसाचा जोर ओसरल्यावर, हिवाळी भाज्यांची रोपे लावण्याच्या सुमारास हे काम करणे सोयीचे. प्रथम उगवलेले तण काढून वाफा भरपूर भिजवावा. त्यावर वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर एकमेकांवर चढवून अंथरावेत आणि पाणी शिंपडून बसवावेत. गुळगुळीत, चकचकीत रंगीत कागद घेऊ नये. कागदाला भोके पाडून वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे लावावीत आणि वर दोन ते तीन इंच पाचोळा पसरावा.

पाचोळा म्हणून आंबा, फणस, बदाम यांची वाळलेली पाने चालतात. ती चुरडून घातल्यास वाऱ्याने कमी उडतात. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट, शेंगांची टरफले, नारळाच्या शेंड्या, यांपैकी जे आपल्या गावात सहज मिळेल ते घ्यावे. बी धरलेले गवत मात्र मुळीच नको. त्याने आपण तणच पेरून ठेवतो. हिरवे ताजे गवत जाड थरात घातल्यास तापते, म्हणून ते आधी वाळवावे. एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब वाफ्याला तीन इंचांच्या थरासाठी १५ लिटरच्या साधारण दहा बादल्या पाचोळा लागतो. वाळलेली पाने हलकी असतात. तरीही हे काम एका दिवसात उरकण्याचा हट्ट नसावा. थर हळूहळू खाली बसतो, तेव्हा अधूनमधून भर घालावी.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, रोपाच्या खोडाभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते. दुसरी, मेथी, कोथिंबीर यांसारख्या पेरायच्या भाज्यांवर आधीच आच्छादन घातले, तर तणाबरोबर भाजीही दबेल. रोपे तीन-चार बोटे उंच झाल्यावर ओळींमधल्या जागेत पातळ थर द्यावा. तिसरी, पाणी देण्यापूर्वी थराखाली बोट घालून पाहावे. वरून कोरडे दिसले तरी आत ओल असते. भर पावसात, विशेषतः कोकणात, थर पातळच असावा. जाड थराखाली गोगलगायी वाढतात आणि मुळे सडतात.

आरोग्याची पथ्ये

जुन्या, बुरशी आलेल्या पेंढ्यातून आणि पाचोळ्यातून बुरशीचे सूक्ष्म कण उडतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असणाऱ्यांनी, तसेच प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी असा पाचोळा हाताळू नये. इतरांनीही तो किंचित ओला करून, नाकातोंडावर मास्क लावून पसरावा. हाच पाचोळा जाळल्यास मात्र त्याचा धूर साऱ्या गल्लीतील दमेकऱ्यांना बाधतो. त्यापेक्षा तो वाफ्यात कितीतरी उपयोगी.

पाचोळ्याच्या ढिगात साप आणि विंचू आसरा घेतात; घोणस तर वाळल्या पानांत सहज मिसळून जाते. म्हणून मोठा ढीग घरालगत ठेवू नये, वाळवीच्या दृष्टीनेही ते बरे. ढिगात थेट हात न घालता आधी काठीने हलवून पाहावे. सर्पदंश झालाच, तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. दंश झालेला भाग स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

हातमोजे आणि बंद बूट वापरावेत. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला तरी कळत नाही. बागेतून आल्यावर तळवे पाहण्याची सवय लावून घ्यावी. धनुर्वाताच्या लसीची वर्धक मात्रा दर १० वर्षांनी घेतली आहे ना, हे तपासावे. गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर तीव्र दाह होतो; ते फुलण्यापूर्वीच, उघड्या हाताने न धरता काढावे. उरलेसुरले तण स्टुलावर बसून वेचावे आणि उठताना आधी मिनिटभर पाय हलवून, आधार धरून उभे राहावे.

तणनाशक घरी नको

"एक फवारा मारला की काम झाले," असा सल्ला अनेकदा मिळतो. घरच्या भाजीच्या वाफ्यासाठी तो मानू नये. पॅराक्वाट या तणनाशकाचा घोटभर अंशही जीवघेणा ठरू शकतो आणि त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेटच्या वापरावरही केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले असे द्रव्य लहान नातवंडाच्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांच्या हाती लागले, तर काय होईल, याची कल्पनाच पुरेशी आहे.

घरच्यांसाठी

कामाची वाटणी अशी करता येईल. खणणे, ओझी उचलणे आणि हराळी काढणे तरुणांकडे. कागद अंथरणे, पाचोळा पसरणे, थर तपासणे ज्येष्ठांकडे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील व्यक्तीही कोणी सोबत असल्यास पाने चुरडणे, शेंगांची टरफले पसरणे ही कामे रमून करू शकते. त्यात चूक होण्यासारखे काही नसते आणि केलेले काम डोळ्यांसमोर दिसते.

वाफे तीन फुटांहून रुंद नसावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. मधली वाट सपाट आणि कोरडी ठेवावी. वाटेवर प्लॅस्टिकचा कागद अंथरू नये, ओला झाल्यावर त्यावरून पाय घसरतो. सगळी बाग एकदम झाकण्याची गरज नाही. या हिवाळ्यात एकच वाफा करून पाहावा. महिन्याभराने त्यातले तण आणि शेजारच्या उघड्या वाफ्यातले तण यांची तुलना केली, की पुढचा निर्णय आपला आपणच घेता येईल.