विश्लेषण : मोठा हिरा घेताय? रिपोर्ट खरा असेल, पण हिरा तोच आहे का?

कल्याण : सोन्याचा दागिना घेताना अनेक ग्राहक आता हॉलमार्क आणि एचयूआयडी क्रमांक तपासून पाहतात. पण ही खूण फक्त सोन्याच्या शुद्धतेची आहे. दागिन्यात जडवलेल्या हिऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. हिऱ्यासाठी पाहायचा असतो प्रयोगशाळेचा ग्रेडिंग रिपोर्ट. एक कॅरेटच्या पुढे रंग किंवा क्लॅरिटीची एक पायरी बदलली तरी किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून हा कागद कसा वाचायचा, ते पाहू.

रिपोर्ट कोणत्या प्रयोगशाळेचा?
हिऱ्याची श्रेणी ठरवण्यात तज्ज्ञाच्या नजरेचा मोठा वाटा असतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेची ‘जी’ रंगश्रेणी दुसरीकडे ‘आय’ ठरू शकते. याच कारणावरून २०१४ मध्ये ‘रॅपनेट’ या हिऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बाजाराने ईजीएलच्या रिपोर्टवरील हिऱ्यांची नोंद बंद केली. जीआयएचीच परिभाषा वापरून श्रेणी मात्र सैल दिल्या जातात, असा आक्षेप होता. म्हणून दोन दुकानांतील भाव ताडून पाहताना रिपोर्ट एकाच प्रयोगशाळेचे हवेत.

फक्त कॅरेट पाहून का चालत नाही?
एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हे वजन आहे, आकार नव्हे. नीट प्रमाणात पैलू पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर दोन कॅरेटचा साधारण ८.१. म्हणजे वजन दुप्पट, पण व्यास जेमतेम सव्वापट. दोन कॅरेटच्या हिऱ्याचा व्यास ७.७ मिलिमीटरच असेल, तर वजन तळाशी दडलेले आहे. वरून न दिसणाऱ्या त्या वजनाचेही पैसे तुम्हीच मोजता.

आणखी एक बारकावा : जीआयए ‘कट’ची श्रेणी फक्त ठरावीक गोल हिऱ्यांना देते. ओव्हल किंवा पेअर आकाराच्या रिपोर्टवर ‘एक्सलंट’ दिसले, तर ते पॉलिश किंवा सिमेट्रीपुरते असते.

वेबसाइटवर नंबर जुळला, मग झाले ना?
नाही. त्यातून रिपोर्ट खरा असल्याचे कळते. समोरचा हिरा त्याच रिपोर्टचा आहे, हे सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये आयजीआयच्या तेल अवीव येथील प्रयोगशाळेत ६.०१ कॅरेटचा हिरा तपासणीला आला. त्याच्यावर जीआयएने नैसर्गिक ठरवलेल्या हिऱ्याचा नंबर कोरलेला होता. प्रत्यक्षात हिरा लॅब-ग्रोन निघाला.

मग दुकानात काय करायचे?
- हिरा जडवण्याआधी, सुटा असतानाच पाहा. जडवल्यावर नेमके वजन करता येत नाही.
- कॅरेटच्या काट्यावर वजन करून घ्या. लांबी, रुंदी, खोली रिपोर्टशी जुळवा.
- कडेवर कोरलेला नंबर दहापट भिंगातून वाचा. जीआयएच्या पूर्ण रिपोर्टसोबत नंबर कोरणे ऐच्छिक असते. तो नसेल, तर रिपोर्टमधील आकृतीतल्या खुणा हिऱ्यात शोधायला सांगा. वजन, माप साधता येते; आतल्या खुणा हुबेहूब जुळवता येत नाहीत.
- रिपोर्टमधील ‘कॉमेंट्स’ सोडू नका. आकृतीत न दाखवलेल्या खुणांचा उल्लेख अनेकदा तिथेच असतो.
- हिरा नैसर्गिक की लॅब-ग्रोन, हे शीर्षकातच वाचा. १ ऑक्टोबर २०२५पासून जीआयए लॅब-ग्रोन हिऱ्यांना रंग-क्लॅरिटीची श्रेणी न देता ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ असे वर्गीकरण देते.
- बिलावर रिपोर्ट नंबर, वजन, श्रेणी आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द लिहून घ्या. सोने आणि हिऱ्याची किंमत वेगवेगळी मांडायला सांगा.

शंका राहिलीच तर?
जीआयए आणि आयजीआय, दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. लाखोंचा व्यवहार असेल, तर ‘फेरतपासणीत हिरा जुळला नाही तर पूर्ण पैसे परत’ ही अट आधीच लेखी घ्या. खात्रीच्या विक्रेत्याला ती मान्य करायला अडचण नसावी. तो टाळाटाळ करू लागला, तर आगाऊ रक्कम देण्याची घाई करू नका.