ओवीचा वारसा : टिळक घराणे आणि मराठी ख्रिस्ती गीत

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नामक मिशनरीने नारायण वामन टिळक या सहप्रवासी पंडिताच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, ती गाडी सौंसर वा पांढुर्ण्यावरून धावत नव्हती हे खरे. तथापि ज्या मध्यप्रांतात ही घटना घडली, त्याच प्रांतात तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील आमच्या या दोन्ही तहसिली मोडत होत्या, म्हणून मराठी ख्रिस्ती गीताचा आढावा तेथून आरंभिण्याची मुभा आम्हांस असावी. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशाच्या दप्तरी राहिलो, आणि २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरातील बोली मात्र या फेरफारांनी बदलली नाही. उत्तरेस छिंदवाड्याचे स्वीडिश ल्यूथरन मिशन आणि दक्षिणेस स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरास उभारलेले स्कॉटिश मिशन, यांच्या मधोमध हा संत्र्यांचा मुलूख पसरला आहे.

गाडीतल्या त्या भेटीची परिणती म्हणून टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. सोवळे, लोकापवाद आणि लहानग्या मुलाची, दत्तूची, चिंता यांत त्यांची जी वर्षे गेली, त्यांची हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ज्या निर्मळ विनोदाने आली आहे, तसा विनोद दुःखाच्या कथनात मराठीत फार थोड्यांना साधला असेल. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मधल्या काळात पतिपत्नींचा देव वेगळा झाला होता, पंगत वेगळी झाली होती. अभंग आणि ओवी मात्र दोघांचीही होती, आणि या घराण्याचा खरा वारसा, माझ्या मते, या सामायिक छंदातच शोधावा लागतो.

टिळकांच्या पूर्वी देशी वळणाचे ख्रिस्ती गीत नव्हतेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते, आणि अहमदनगरास कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती कथेस चढविला होता. परंतु ख्रिस्ती मंदिरातील नित्याच्या उपासनेत विलायती चालींना मराठी शब्द जुळविण्याचा प्रघात बलवत्तर होता, आणि अशा गीतांत ऱ्हस्वदीर्घांची जी ओढाताण होई, तिच्यापुढे गायकाची भक्तीही क्षणभर अडखळत असावी. टिळकांनी या उपासनेस अभंगाचा ओघ दिला. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे टाळ-मृदंग त्यांना उसना अलंकार वाटला नाही. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन, बालकवी ठोंबऱ्यांना घरी दिलेला आसरा आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून आरंभिलेला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा, ही सारी त्याच वृत्तीची अंगे होत.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य जेमतेम दहा अध्याय ओलांडून अपुरे राहिले होते. ज्या बाईंना शाळेची पायरी माहीत नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली; १९३६ साली त्याही गेल्या, आणि उरलेले काम पुत्र देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, यांनी पुरे करून १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे ग्रंथावर मोठेपणाचा हक्क टिळकांचा, पण कसणूक बहुतांशी त्यांच्या पत्नीची. आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी पहिल्याची नोंद ठळक अक्षरांत व दुसरीची समासात केली, ही गोष्ट मला आजही सलते. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीची ‘स्मृतिचित्रे’ साक्षेपाने संपादिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतग्रंथात आजही टिळकांची पदे विपुल आहेत, आणि त्यांना ऑर्गनची वा शिकविलेल्या गायकवृंदाची गरज पडत नाही. ज्या गावात भजनी मंडळाचा ठेका मुलांच्या कानांवर आपोआप पडतो, तेथे चार माणसे आणि एक पेटी एवढ्यावर रविवारची उपासना चालते.