फुकट राबायचं, पण किती?

"मावशी, एम.कॉम. होऊन फुकट राबू?" टोरांटोहून भाची रडवेली. जिथं जावं तिथं एकच प्रश्न, 'कॅनडातला अनुभव?' ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्येच ही अट भेदभावाची म्हटली. २०२६ पासून २५ वा अधिक नोकर असणाऱ्यांना ती जाहिरातीत घालायलाही बंदी आहे. तरी ओळखीचं माणूस लागतंच.

मैत्रिणींनो, लग्न होऊन अंबाजोगाईला आले तेव्हा मीही परकीच होते. बचत गटाच्या वह्या बिनपैशानं लिहिल्या, तेव्हा कुठं बायका मला नावानं हाक मारू लागल्या.

तिला म्हटलं, "कर बाई, पण आपल्या शिक्षणाचंच काम माग. मुदत ठरव, शिफारसपत्र घे. सेवा वेगळी, वेठबिगारी वेगळी!"

आता ती दर शनिवारी एका अन्नदान केंद्राचा हिशेब बघते. तीनच महिने!