खारे पाणी आणि पाण्यातली पिसू

मांजरा-गोदावरीच्या डोहांत, गावतळ्यांत मोहरीएवढा एक जीव टुणटुण उड्या मारत पोहतो. त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. ही चावत नाही. ती शेवाळाचे कण खाते, आणि माशांची पिले तिला खातात. पिसू संपली तर भोयाच्या जाळ्यात काय येणार?

उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडते, खार मागे उरतो. त्यात गटाराचे पाणी मिळते, तेही खारच आणते.

पिसवेला किती खार सोसतो, हे पाहण्याची रीत साधी आहे. ओळीने भांडी मांडतात. प्रत्येकात आधीच्यापेक्षा थोडे जास्त मीठ घालून पिसवा सोडतात. मेल्या किती ते मोजतातच, पण जगलेल्यांना पिले किती झाली तेही मोजतात. खरी गोम इथंच आहे. जीव जाण्याआधी वंश आटतो.

मिठातला एक भाग म्हणजे क्लोराइड. पाण्यातल्या जिवांसाठी ते फार दिवस लिटरमागे २३० मिलिग्रॅमच्या वर नको, असे अमेरिकेच्या सरकारने १९८८ साली ठरवले. आपल्याकडे पिण्याला २५० बरे. दुसरे पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी पिसवेला जड जाऊ शकते!

क्लोराइड जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासतात. पाणी चैत्रात एकदा न्यावे आणि वैशाख सरताना पुन्हा न्यावे. एका बाटलीवरून वाढ कळत नाही.