भोपाळच्या टाकीतील दुर्लक्षित घटक : क्लोरोफॉर्म

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आतील मिथाइल आयसोसायनेट (मिक) तापून वायुरूपाने शहरावर पसरले. हजारो लोक मृत्युमुखी पडले, पाच लाखांहून अधिक बाधित झाले. एवढा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या टाकीत मात्र आणखी एक पदार्थ होता. त्याची चर्चा क्वचितच होते. तो म्हणजे क्लोरोफॉर्म हा द्रावक.

मिथाइल अमाइन आणि फॉस्जीन यांपासून मिक तयार करण्याच्या प्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरला जाई आणि नंतर ऊर्ध्वपातनाने तो वेगळा केला जाई. साठवणुकीच्या मिकमध्ये त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावे, असा दंडक होता. दुर्घटनेनंतर टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषांचे विश्लेषण झाले, तेव्हा हे प्रमाण १२ ते १६ टक्के असावे, असा अंदाज निघाला.

द्रावक म्हणजे इतर पदार्थांना आपल्यात सामावून घेणारा, स्वतः मात्र अलिप्त राहणारा द्रव, अशी सर्वसाधारण समजूत असते. नेहमीच्या तापमानाला ती बरीचशी खरी ठरते. उघड्या भांड्यात क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंश सेल्सिअसला उकळून निघून जातो, त्यामुळे तो त्याहून फारसा तापू शकत नाही. बंद टाकीत परिस्थिती पालटते. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदूही वाढतो आणि एरवी उडून गेला असता असा पदार्थ द्रवरूपातच तापत राहतो. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड स्थितीत नगण्य वाटणारी क्रिया अशा वेळी निर्णायक ठरते.

भोपाळमध्ये नेमके हेच घडले. पाणी आणि मिक यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड व उष्णता निर्माण झाली. मिकचा उत्कलनबिंदू अवघा ३९ अंश; तो शून्याच्या आसपास थंड ठेवणे अपेक्षित होते. मात्र शीतकरण यंत्रणा जूनपासूनच बंद होती. रात्री साडेदहाच्या सुमारास दर चौरस इंचाला दोन पौंड असलेला दाब अकरापर्यंत दहावर गेला आणि मध्यरात्रीनंतर मापकाच्या ५५ या कमाल मर्यादेला भिडला. आतील तापमान २०० अंशांपलीकडे गेले असावे.

चौकशीतील निष्कर्षानुसार, या उष्णतेत क्लोरोफॉर्मचे पाण्याशी विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार झाले. त्याने टाकीचे पोलाद खाल्ले आणि लोहाचे क्षार द्रवात मिसळले. लोह हे मिकच्या तीन-तीन रेणूंना जोडणाऱ्या क्रियेचे उत्प्रेरक आहे आणि ही क्रिया प्रचंड उष्णता बाहेर टाकते. उष्णतेने आम्ल, आम्लाने लोह, लोहाने पुन्हा उष्णता, असे ते चक्र होते. अवशेषांत सापडलेले त्रिवारिक संयुग त्याची साक्ष देते.

म्हणून केवळ ‘पाणी कसे शिरले’ एवढाच प्रश्न अपुरा ठरतो. पाण्याने आरंभ केला. परंतु द्रावक इतक्या प्रमाणात का राहू दिला आणि शीतकरण का थांबवले, हे प्रश्न त्या रात्रीच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यांची उत्तरे कारखान्याच्या दैनंदिन कारभारात दडलेली होती.

गोव्यातही वेर्णा, कुंडई येथील औषधनिर्मितीत द्रावकांचा वापर नित्याचा आहे. भोपाळनंतर १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती व साठवणुकीसंबंधी केंद्रीय नियम आले. मोठा साठा असलेल्या उद्योगांना सुरक्षा अहवाल व आपत्कालीन आराखडा त्यामुळे बंधनकारक झाला. परंतु साठ्याचे प्रमाण पाहून भागत नाही. तो तापला, कोंडला किंवा त्यात दुसरे काही मिसळले, तर काय होईल, हे आधीच तपासलेले असावे लागते. भोपाळच्या टाकीत हा प्रश्न विचारला गेला तो अवशेष खरवडून काढल्यानंतर.