पोटासाठी गायल्या, अमेरिकेत गाजल्या

समोर अमेरिकन सैनिकांची गर्दी, टाळ्या आणि शिट्ट्यांचा पाऊस. मंचावर तीन कोरियन मुली झोकात इंग्रजी गाणे गाताहेत. पण गाण्यातल्या एका शब्दाचा तरी अर्थ त्यांना ठाऊक आहे का? मुळीच नाही! शब्द केवळ कानाने ऐकून घोकलेले.

या मुली म्हणजे 'किम सिस्टर्स'. सूकजा आणि ऐजा सख्ख्या बहिणी, तर मिनजा त्यांची मामेबहीण. घरात संगीत मुरलेले. वडील किम हेसोंग नामवंत संगीतकार. आई ली नानयंग ही १९३५ च्या 'मोकपोचे अश्रू' या गाण्यामुळे देशभर लाडकी झालेली गायिका. १९५० मध्ये युद्ध पेटले आणि सुखी संसाराची घडी विस्कटली. उत्तर कोरियाच्या सैन्याने वडिलांना धरून नेले. ते परतलेच नाहीत.

मोठ्या कुटुंबाचा भार एकट्या आईवर पडला. ती अमेरिकन छावण्यांत गाऊ लागली. मुलींनाही तिनेच तयार केले. खूश झालेले सैनिक चॉकलेट, बिअर, व्हिस्की देत. त्या बाटल्या बाजारात गेल्या की घरात चूल पेटे.

बाहुल्या नव्हे, कलावंत

१९५९ मध्ये लास वेगासच्या थंडरबर्ड हॉटेलात त्यांना संधी मिळाली. कार्यक्रमाचे नाव होते 'चायना डॉल रिव्ह्यू', म्हणजे कोरियाच्या मुली आणि पाटी चिनी बाहुल्यांची! मुली रुसल्या नाहीत. गाण्याच्या जोडीला सॅक्सोफोन, ड्रम, बेंजो, बॅगपाइप अशी एकेक वाद्ये त्यांनी हस्तगत केली. अमेरिकेतली कुटुंबे दर रविवारी ज्याची वाट पाहत, त्या 'एड सुलिव्हन शो'मध्ये त्या वीसहून अधिक वेळा झळकल्या. पुढे भावांनाही त्यांनी अमेरिकेत आणले.

पण या यशाची किंमतही होती. जिने सूर दिला, ती आई सातासमुद्रापलीकडे राहिली. १९६३ मध्ये ती अमेरिकेत आली, लेकींसोबत टीव्हीवर गायली. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, तिचे निधन झाले. १९८७ मध्ये ऐजाही गेली. सूकजा अमेरिकेतच स्थायिक झाली, तर मिनजा संगीतकार पतीसोबत हंगेरीत. मायदेश मागेच राहिला.

२०२० च्या डिसेंबरात 'बीटीएस' या सात कोरियन तरुणांचे 'लाइफ गोज ऑन' हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले. त्याचे बहुतेक शब्द कोरियन होते! एकेकाळी तीन मुली पोटासाठी परकी भाषा घोकत होत्या. आज अमेरिकेतली मुले अर्थ न कळताही कोरियन शब्द आवडीने गुणगुणतात. साठ वर्षांत काळाचे चक्र असे उलटे फिरले. त्या चक्राला पहिला हात लावला तो नवऱ्याविना घर सावरणाऱ्या एका आईने आणि तिच्या हाताखाली घडलेल्या तीन मुलींनी.