गाणें कोणाचें? जपानी स्त्रीवृंदांचीं लोकप्रिय गाणीं

नवव्या शतकांत जपानांत ओनो नो कोमाची नांवाची एक कवयित्री होऊन गेली. तेथील प्राचीन परंपरेनें जे सहा श्रेष्ठ कवि मानले, त्यांत ती एकटीच स्त्री. पण लोकस्मृति मोठी चमत्कारिक असते. कोमाचीच्या कवितेपेक्षां तिच्या रूपाच्या आख्यायिकाच अधिक पसरल्या, आणि ‘कोमाची’ हा शब्द जपानी भाषेंत ‘अमक्या गांवची सुंदरी’ अशा अर्थीं रूढ होऊन बसला. १९८३ सालीं एका ध्वनिमुद्रण कंपनीनें चांचणी घेऊन पांच तरुण मुलींचा एक वाद्यवृंद जमविला आणि त्याला नांव दिलें ‘आकासाका कोमाची’. आकासाका हा टोकियोचा एक भाग. तेव्हां नांवाचा अर्थ झाला ‘आकासाक्याच्या सुंदरी’. कंपनीच्या मनांत कोमाचीचें रूप होतें, हें उघड आहे. तिची लेखणीहि या मुली उचलतील, असें नांव ठेवणारांच्या स्वप्नींहि आलें नसावें.

या मुलींच्या व त्यांच्या मागून आलेल्या आणखी कांहीं वृंदांच्या गाण्यांविषयीं आज बोलावयाचें आहे. गिटार, बेस गिटार आणि ड्रम या तीन वाद्यांवर रॉक संगीताचा सारा डोलारा उभा असतो. जपानांत तें अमेरिका व इंग्लंड या देशांतून आलें. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांत ज्यूदोसाठीं बांधलेल्या टोकियोच्या बुदोकान सभागृहांत १९६६ मध्यें बीटल्स या इंग्रज चौकडीनें पांच कार्यक्रम केले, तेव्हां युद्धकलेच्या मंदिरांत हा धांगडधिंगा कशाला, म्हणून निषेधहि झाला होता. पुढें गिटारी घेतलेल्या तरुणांचे वृंद गल्लोगल्लीं निघाले. मुलींच्या वांट्याला मात्र बहुधा गायिकेची जागा येई, आणि त्यांतहि ‘आयडॉल’ची. आयडॉल म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची गोंडस मुलगी. तिचे शब्द कोणी लिहावयाचे, चाल कोणी लावावयाची, हातवारे कोणी शिकवावयाचे. तिनें फक्त हंसून गावयाचें. कवि एक, चाल लावणारा दुसरा व गाणारा तिसरा ही वांटणी आपल्या भावगीतालाहि नवी नाहीं, आणि तींत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु गाणारीला स्वतःचें म्हणून कांहीं सांगावयाचें असेल, तर तिनें तें कोठें सांगावें?

आकासाका कोमाचीच्या पांच जणींनीं मध्यंतरीं आणखी एक नांव घेऊन टाकलें आणि १९८६ मध्यें त्या ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ झाल्या. नोकरींत स्त्री-पुरुषांना समान संधि देणारा १९८५ चा जपानी कायदा अमलांत आला तोहि याच वर्षीं, एप्रिलमध्यें. दोहोंचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाहीं. पण कचेरींत चहा देण्यापलीकडेंहि आपणांस कांहीं काम असावें असें म्हणणाऱ्या मुलींची एक पिढी तेव्हां मोठी होत होती, आणि तिला या पांच जणी आपल्याशा वाटल्या, हें खरें. गाणारी ओकुइ काओरी, गिटारवर नाकायामा कानाको, बेसवर वातानाबे आत्सुको, कीबोर्डवर कोन्नो तोमोको आणि ड्रमवर तोमिता क्योको. १९८९ च्या प्रारंभीं त्यांनीं बुदोकानांत कार्यक्रम केला. केवळ स्त्रियांच्या रॉक-वृंदाचा तेथील तो पहिलाच. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ‘डायमंड्स’ हें गाणें निघालें. वर्षअखेरीस ओरिकॉन या संस्थेनें खपाची यादी प्रसिद्ध केली, तींत पहिलें गाणें ‘डायमंड्स’ आणि दुसरेंहि याच वृंदाचें, ‘जगांतील सर्वांत तप्त उन्हाळा’ अशा अर्थाच्या नांवाचें. हें दुसरें गाणें मूळचें १९८७ चें. तेव्हां तें फारसें कोणीं विचारिलें नव्हतें, १९८९ मध्यें नव्यानें मुद्रित होऊन आलें तेव्हां उचललें गेलें.

‘डायमंड्स’चे शब्द गिटार वाजविणाऱ्या नाकायामाचे, चाल ओकुइची. लय धांवती, सूर उल्हासाचा. प्रथमच अनुभवास आलेल्या साध्या साध्या गोष्टींचें तेज हिऱ्यासारखें जपणारी एक तरुणी त्यांत बोलते. पण मला विशेष महत्त्वाचें वाटतें तें याच मुद्रिकेवर दुय्यम गीत म्हणून आलेलें ‘एम’. चाल पुन्हां ओकुइचीच. शब्द मात्र ड्रम वाजविणाऱ्या तोमिताचे. रंगमंचावर ड्रमवालीची जागा सर्वांच्या मागें, वाद्यांच्या आड. प्रेक्षकांना तिचा चेहरा धड दिसतहि नाहीं. त्या आडोशाला बसलेल्या मुलीनें लिहिलेलें हें संथ लयीचें विरहगीत आहे. प्रियकर दुरावला आहे, आणि पत्त्यांच्या वहींतील ‘एम’ अक्षराचें पान तिला अजून सोडवत नाहीं. एवढाच विषय. चंद्र नाहीं, फुलें नाहींत. असलीच तर प्रत्येक घरांत असते तशी एक वही. पत्त्यांच्या वह्या आतां गेल्या, पण कॅराओके घरांतून हें दुय्यम गीत पुढील कित्येक वर्षें गाइलें गेलें. दुसऱ्यानें लिहून दिलेल्या आयडॉलच्या गाण्यांत वियोग नसतो असें नाहीं. तो असतो, पण तो बहुधा दुरून पाहिलेल्या मुलीचा असतो. ‘एम’मधील मुलगी आपली आपणच बोलते.

हा मार्ग या पांच जणींनींच काढला असें मात्र समजूं नये. ओसाकांत १९८१ पासून यामानो भगिनी व त्यांची एक मैत्रीण मिळून ‘शोनेन नाइफ’ हा वृंद चालवीत होत्या. खाऊचे पदार्थ आणि प्राणी असले विषय घेऊन यामानो नाओको हिनें रचलेलीं त्यांचीं खट्याळ गाणीं मायदेशापेक्षां परदेशांतच अधिक गाजलीं, इतकीं कीं १९९१ मध्यें अमेरिकेच्या निर्व्हाना वृंदानें इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांना बरोबर घेतलें. टोकियोच्या ‘शो-या’ वृंदाचा बाज निराळा; ‘गेंकाई लव्हर्स’ हें त्यांचें १९८९ चें गाणें ऐकतांना भिंती हादरतात. याच वृंदानें १९८७ मध्यें हिबिया उद्यानाच्या उघड्या रंगमंचावर केवळ स्त्री-कलावंतांचा महोत्सव सुरू केला आणि त्याला ‘नाओन नो याओन’ असें नांव दिलें. ‘याओन’ म्हणजे तो उघडा रंगमंच, आणि ‘नाओन’ म्हणजे स्त्रीवाचक ‘ओन्ना’ शब्दाचीं अक्षरें उलटीं करून केलेली गंमत.

आतां याच्या उलट बाजूचें एक गाणें पाहूं. साप्पोरोच्या ‘झोन’ या वृंदांतील मुली शाळकरी वयाच्या होत्या. बँड आणि आयडॉल यांची सांगड घालून त्यांना ‘बांदोल’ असें जोडनांव मिळालें होतें. १९८० च्या दशकांतील वृंदांनीं जें कमावलें, तें इथें पुन्हां कंपनीच्या हातीं गेलें, असें कोणी म्हणेल. २००१ च्या ऑगस्टमधील त्यांच्या ‘सीक्रेट बेस’चे शब्द आणि चाल दोन्ही माचिदा नोरिहिको या पुरुषाचीं. असें असूनहि हें गाणें एका पिढीच्या काळजांत रुतलें. उन्हाळ्याची सुटी संपते, मित्र दूर जातो, दहा वर्षांनीं पुन्हां भेटण्याचें वचन देतो-घेतो. वृंद २००५ मध्यें मोडला. पण दहा वर्षें भरलीं त्या २०११ च्या ऑगस्टमध्यें त्यांतील कांहीं जणी पुन्हां रंगमंचावर आल्या. वचन गाण्यांतील पात्रांनीं दिलें होतें, पाळलें गाणारींनीं. लेखणी दुसऱ्याची असली म्हणजे गाणें परकेंच राहतें, हा नियम म्हणूनच मला करवत नाहीं.

तरीहि ओढ लेखणीकडे राहिली, असें दिसतें. शिकोकु बेटावरील तोकुशिमाच्या ‘चॅटमाँची’ वृंदांत तिघीच जणी. तिघींत गिटार, बेस, ड्रम वांटून घेतले कीं चूक लपविण्यास जागा उरत नाहीं. तो उघडेपणाच त्यांच्या गाण्यांचा गुण आहे. २००६ मधील त्यांच्या ‘शांग्रिला’ या गाजलेल्या गाण्याचे शब्द पुन्हां ड्रमवाल्या ताकाहाशी कुमिकोचेच, चाल गायिका हाशिमोतो एरिकोची. ताकाहाशी २०११ मध्यें वृंद सोडून गेली, तेव्हां नवी ड्रमवाली न शोधतां बेस वाजविणारी फुकुओका आकिको स्वतःच ड्रमवर बसली, आणि दोघींनींच २०१८ पर्यंत वृंद चालविला. ओसाकाच्या ‘स्कँडल’ वृंदाच्या चौघी तर मूळच्या गायन-नृत्याच्या शाळेंतल्या. २००६ मध्यें वाद्यें हातीं घेऊन त्या ओसाका किल्ल्याजवळच्या बागेंत गाऊं लागल्या. आरंभीं इतरांचीं गाणीं, पुढें स्वतःचीं. चौघींपैकीं एकहि न बदलतां त्यांनीं इतकी मजल मारली कीं २०२३ मध्यें गिनीज नोंदवहींत स्त्रियांच्या रॉक-वृंदांत त्यासाठीं त्यांचें नांव नोंदलें गेलें.

प्रिन्सेस प्रिन्सेस १९९६ मध्येंच विसर्जित झाला होता. ११ मार्च २०११ रोजीं ईशान्य जपानांत भूकंप होऊन समुद्र गांवांत शिरला. त्या आपद्ग्रस्तांसाठीं पांचहि जणी सोळा वर्षांनीं, २०१२ या एका वर्षापुरत्या, पुन्हां एकत्र आल्या आणि सेंदाई, बुदोकान व टोकियो डोम येथें गाइल्या. सुमारें ५० कोटी येन साहाय्यास उभे राहिले. त्यांतील कांहीं रक्कम सेंदाई शहरांत एक संगीतगृह बांधण्यास दिली गेली. मार्च २०१६ मध्यें तें उघडलें, तेव्हां पहिला कार्यक्रम त्यांचाच झाला.